आश्रय कुणाला?

(जालना येथे जिल्ह्यातील महिला मंडळांच्या व बचत गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघातला थोडा भाग गाळून इथे देत आहोत.)

काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या पाच-सहा जणी माझ्या खोलीत आल्या होत्या. म्हणाल्या, ताई, उद्याचा तुमचा विषय पाहिला. ‘आश्रयाचा हक्क’. हा दिल्ली-मुंबईच्या बायकांचा विषय. आमच्या जालन्याला कोण येतंय आश्रय मागायला? आमच्याच बाया दसऱ्यानंतर कोयता घेऊन कोल्हापूर-सांगलीला जातात, कर्नाटकात जातात. तिथं त्यांना कोपीला जागा मिळत नाही, ते बोला.

मी म्हटलं, सकाळी बोलते. म्हणून आता आधी एक गोष्ट सांगते. ती इथलीच आहे आणि तिच्यात माझी बाजू चांगली नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. आमच्या केंद्रावर एक बाई आली. वय चोवीस-पंचवीस. मराठी मोडकंतोडकं, हिंदी जरा बरं. पाठीवर, दंडावर मार. दलालानं तिला लग्नाच्या नावाखाली आपल्या भागातल्या एका घरात आणून दिलं होतं. आपल्याकडे मुली जन्माला येऊ दिल्या नाहीत, मग लग्नाला मुली मिळेनात, मग बाहेरून पैसे देऊन आणायला लागले, हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको. तुमच्याही गावात अशी एखादी सून असेल. तिला सगळे ‘बंगालन’ म्हणतात आणि तिचं खरं नाव कुणालाच माहीत नसतं.

आम्ही तिला एका संस्थेच्या निवासात नेलं. तिथं आधारकार्ड मागितलं. ते नव्हतं. कुठली, म्हणून विचारलं, तर ती आधी म्हणाली सातखीरा. सातखीरा बांगलादेशात आहे. नंतर म्हणाली बशीरहाट. ते आपल्याकडे, पश्चिम बंगालमध्ये. दोन्हींच्या मधून इच्छामती नदी वाहते. एवढ्या एका फरकावर दार बंद झालं. ‘ही खोटं बोलते. आम्हाला लफडं नको.’

मग तिला आमच्या केंद्रातच आतल्या खोलीत ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैठक घेतली. एक म्हणाली, आधी आपल्या बायका. आपल्याकडे एक खोली आणि चार गाद्या आहेत. दुसरी म्हणाली, बांगलादेशी असली तर आपल्यावर केस होईल, मंडळाची नोंदणी जाईल. तिसरी म्हणाली, ती मुसलमान आहे का ते विचारलं का कुणी? आणि मी, जी गेली वीस वर्षं माइकवर ‘पीडितेवर विश्वास ठेवा’ म्हणून सांगते, ती मी म्हणाले, उगाच अडकण्यात अर्थ नाही. पोलिसांकडे सोपवू, ते बघतील काय ते.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ‘पोलीस’ हा शब्द कळायला मराठी यावं लागत नाही. पहाटे ती गेली. आणलेली औषधंसुद्धा नेली नाहीत. स्टँडवर विचारलं, स्टेशनवर विचारलं, ती जिथून आली होती त्या गावातही गुपचूप माणूस पाठवला. काही कळलं नाही. आजही माहीत नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी मनात त्या बैठकीतले प्रश्न उगाळत राहिले. तू कुठली? कोणत्या जातीची, धर्माची? कागद काय आहे? आधी का नाही आलीस? काल एक बोललीस, आज दुसरंच कसं? बायांनो, हे प्रश्न ओळखीचे वाटतात ना? मार खाऊन ठाण्यात गेलेल्या बाईला हवालदार हेच विचारतो. बलात्काराच्या खटल्यात वकील हेच विचारतो. त्या प्रश्नांविरुद्ध आपली सगळी चळवळ उभी राहिली. आणि आपल्याकडे दार उघडायची पाळी आली, तेव्हा आपल्या तोंडून तेच निघाले.

म्हणून मग मी वाचायला लागले, की हा आश्रय जगात कुणाला देतात, कोणत्या नियमानं देतात, आणि तो नियम न्यायाचा आहे का.

दुसरं महायुद्ध संपल्यावर १९५१ साली जिनिव्हात निर्वासितांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात निर्वासित कोण, याची व्याख्या आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एका कारणानं जिला आपल्या देशात छळाची सार्थ भीती आहे आणि जिला तिचं सरकार संरक्षण देत नाही, ती व्यक्ती. या पाच कारणांत बाई असणं हे कारण नाही. करार लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जो निर्वासित होता, तो पुरुष होता. सरकारविरुद्ध पत्रक काढलं म्हणून तुरुंगात गेलेला, पक्षाचा, संघटनेचा माणूस. बाईला मारतो तो बहुधा सरकारी शिपाई नसतो. तो नवरा असतो, बाप असतो, भाऊ असतो, जमात असते. मग म्हणायचे, ही खाजगी बाब आहे. हे वाक्यही ओळखीचंच.

हे बदलायला चाळीस-पन्नास वर्षं लागली, आणि ते बायकांनी बदलून घेतलं. १९९३ साली कॅनडानं पहिल्यांदा सरकारी पातळीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, की बाई म्हणून झालेला छळ कसा तपासायचा. १९९६ साली अमेरिकेत फौजिया कासिंजा या टोगो देशातल्या मुलीला आश्रय मिळाला. योनीछेदाची प्रथा आणि लादलेलं लग्न यांतून ती सतराव्या वर्षी पळाली होती. विमानतळावर तिनं स्वतःहून सगळं खरं सांगितलं, तर तिला बेड्या घालून वर्षभराहून जास्त काळ तुरुंगात ठेवलं. पहिल्या न्यायाधीशानं तिचं म्हणणं विश्वासार्ह नाही म्हणून अर्ज फेटाळला. वरच्या मंडळानं तो निकाल उलटवला. १९९९ साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे दोन पाकिस्तानी बायकांचा खटला आला. नवऱ्यांनी व्यभिचाराचा आळ घेऊन घराबाहेर काढलेल्या या बायका. परत गेल्या असत्या तर तिथला कायदा त्यांना वाचवणार नव्हता, उलट त्यांच्यावरच चालला असता. न्यायाधीशांनी मान्य केलं, की पाकिस्तानातल्या बायका हा ‘विशिष्ट सामाजिक गट’ होऊ शकतो. आणि अगदी अलीकडे, ऑक्टोबर २०२४ मध्ये, युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की तालिबानच्या राज्यातली अफगाण बाई आश्रय मागत असेल, तर ती बाई आहे आणि अफगाण आहे एवढं पुरे; तुला एकटीला वेगळा काय धोका, याचा पुरावा तिच्याकडे मागत बसायची गरज नाही.

त्या करारातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते कलम मात्र दुसरं आहे. जिथं जिवाला धोका आहे तिथं माणसाला परत ढकलायचं नाही. आपल्या भाषेत सांगू? जबरदस्तीनं नांदायला पाठवायचं नाही. आपल्याकडे बाई माहेरी आली, की पंच बसतात, मामा येतो, पोलीसपाटील येतो, समजूत घालतात, लिहून घेतात आणि पुन्हा त्याच घरात नेऊन घालतात. सहा महिन्यांनी बातमी येते, स्टोव्हचा भडका उडाला. देशादेशांमध्येही हेच होतं, फक्त समजूत घालायला मामाऐवजी अधिकारी असतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतानं १९५१ च्या या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. निर्वासितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. म्हणजे येणाऱ्या परक्या माणसाला निर्वासित म्हणायचं की घुसखोर, हे त्या त्या वेळचं सरकार ठरवतं. याचा अर्थ आपण कधी कुणाला थारा दिला नाही, असा मुळीच नाही. उलट आपला इतिहास या बाबतीत मोठा आहे.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका, मुलं, म्हातारी माणसं. स्टालिनच्या रशियानं त्यांना घरांतून उचलून सैबेरियाकडे नेलं होतं. तिथून सुटून इराणमार्गे ती इथं आली. वळिवड्यात त्यांची शाळा होती, चर्च होतं, दवाखाना होता. ज्या १९४३ साली हे घडत होतं, त्याच साली बंगालमध्ये दुष्काळात लाखो माणसं अन्नावाचून मरत होती. ‘आधी आपली माणसं’ म्हणणाऱ्यांना त्या वेळी किती मोठं कारण होतं बघा. पोलिश माणसं गेल्यावर त्याच जागेवर फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी लोकांना वसवलं. तेच आजचं गांधीनगर, जिथलं कापड आपल्याकडचे व्यापारी आणतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून तिबेटी लोकांची वसाहत आहे. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून एक कोटीच्या आसपास लोक भारतात आले, तेव्हा टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागत असे, निर्वासितांच्या मदतीसाठी. तुमच्यातल्या साठीच्या पुढच्या बायकांना ते आठवत असेल. पुढच्याच वर्षी आपल्याकडे बहात्तरचा दुष्काळ पडला आणि आपल्या आया खडी फोडायला रस्त्याच्या कामावर बसल्या.

पण आश्रय दिला म्हणजे सगळ्यांना सारखा दिला, असं नाही. बंगालच्या फाळणीत जे सवर्ण, शिकलेले लोक लवकर आले, त्यांनी कलकत्त्याच्या आसपास वस्त्या उभ्या केल्या. मागून आलेले नामशूद्र, मच्छीमार, शेतमजूर यांना मात्र गाड्यांत घालून दंडकारण्यात धाडलं. त्यांतलेच काही आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे, चामोर्शी-मुलचेऱ्याला वसवले. १९७८-७९ मध्ये दंडकारण्यातून हजारो माणसं परत बंगालकडे निघाली आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर जाऊन राहिली, तर तिथल्या डाव्या सरकारनं बेटाची नाकेबंदी केली आणि १९७९ च्या मे महिन्यात त्यांना हुसकून लावलं. किती माणसं मेली, त्याचा आकडा आजही वादात आहे. तेव्हा आश्रयालाही जात असते. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. गावात पूर आला की देवळात कोण झोपतं आणि शाळेच्या पडवीत कोण, ते आपण पाहतो.

बाईचं तर आणखी वेगळं. फाळणीच्या वेळी दोन्ही बाजूंनी पळवलेल्या बायकांना ‘परत मिळवण्यासाठी’ १९४९ साली कायदा झाला. दोन्ही देशांनी मिळून सात-आठ वर्षांत सुमारे तीस हजार बायका शोधून काढल्या. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल यांच्यासारख्या बायकांनी जिवाचं रान केलं आणि अनेकींना खरंच नरकातून सोडवलं. पण ज्या बायका दोन वर्षांत तिथं रुळल्या होत्या, ज्यांना मूल झालं होतं, ज्या म्हणत होत्या आम्हाला नाही जायचं, त्यांनाही नेलं. बाई हिंदू असेल तर इकडची, मुसलमान असेल तर तिकडची. तिचं घर कुठलं, हे तिच्या धर्मावरून सरकारनं ठरवलं. तिला कुणी विचारलं नाही. कमलाबेननी स्वतः पुढे हा सल लिहून ठेवला आहे.

आता २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याबद्दल बोलायला हवं, कारण काल रात्री वाद तापला तो याच्यावरूनच. हा कायदा काय म्हणतो? पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती यांना बेकायदा घुसखोर मानायचं नाही आणि त्यांना नागरिकत्व लवकर मिळावं. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले. काल एक ताई म्हणाल्या, यात चूक काय? सिंधमधल्या हिंदू मुलींना पळवून त्यांचं धर्मांतर करतात, त्यांनी जायचं कुठं? त्या ताईंचं म्हणणं खरं आहे. त्या मुलींना थारा मिळालाच पाहिजे आणि आपण स्त्रीवादी म्हणवणाऱ्यांनी त्यांच्याबद्दल मोठ्या आवाजात बोललं पाहिजे, ते आपण पुरेसं बोललेलो नाही. त्या कायद्यानं कुणाला आत घेतलं, याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती बाहेर ठेवलेल्यांबद्दल. पाकिस्तानातल्या अहमदियांना तिथलं राज्य १९७४ पासून मुसलमानच मानत नाही, अफगाणिस्तानातले हजारा शिया मारले जातात, श्रीलंकेतले तमिळ आणि म्यानमारमधले रोहिंग्या आपल्याच दारात आहेत. यांच्यातल्या बाईवर ओढवलेलं संकट, यादीतल्या बाईवर ओढवलेल्या संकटापेक्षा हलकं आहे का? हे मोजायचं माप यादीत नाही. यादी धर्म विचारते, धोका विचारत नाही.

यावर उत्तर देतात, मुसलमानांना पुष्कळ देश आहेत, जातील तिकडे. हे मला सासरच्या माणसांच्या तोंडच्या ‘तिला माहेर आहे की’ सारखं वाटतं. माहेरच मारतं तिचं काय?

दोन बायकांची उदाहरणं देते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं. अफगाण संसदेतल्या फरियाब प्रांताच्या खासदार रंगीना कारगर २० ऑगस्टला इस्तंबूलहून दिल्लीच्या विमानतळावर उतरल्या. त्यांना कित्येक तास बसवून ठेवलं आणि दुबईमार्गे परत इस्तंबूलला पाठवलं. दोनच दिवसांनी आपल्या विमानानं काबूलहून अनारकली कौर होनरयार यांना सुखरूप आणलं. त्याही अफगाण संसदेच्या सदस्य होत्या, दंतवैद्य, बायकांच्या हक्कांसाठी झगडलेल्या, शीख. त्यांना आणलं याचा आनंदच आहे. रंगीनाबाईंची नंतर आपल्या परराष्ट्र खात्याकडून माफी मागितली गेली, अशा बातम्या आल्या. पण विमानतळावरच्या खुर्चीवर बसून परत जाण्याची वाट पाहणाऱ्या बाईचे ते तास काही माफीनं परत येत नाहीत.

आणि तस्लिमा नसरीन? तिच्यावरून तर आपल्या चळवळीत भांडणं झालेली मला आठवतात. १९९४ साली फतव्यांमुळे तिला बांगलादेश सोडावा लागला. पुढे ती कलकत्त्याला येऊन राहिली. २००७ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादेत तिच्यावर हल्ला झाला, नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात दंगा झाला आणि तिला शहराबाहेर काढण्यात आलं. दिल्लीत कुठंतरी नजरेआड ठेवलं. २००८ च्या मार्चमध्ये ती देश सोडून गेली. पुढे परत आली, ती मुदतीच्या परवान्यावर. डाव्यांना ती मुसलमानांच्या मतांपायी नको झाली, उजव्यांना ती फक्त भाषणात हवी. ती नास्तिक आहे. सहा धर्मांच्या यादीत नास्तिक बाईला जागा नाही. आपल्यातल्याही काही जणी तेव्हा म्हणाल्या होत्या, तिनं जरा सांभाळून लिहायला हवं होतं. बघा, सांभाळून वागली असती तर मार बसला नसता!

चांगली बाई असेल तरच थारा, हे आपल्यात किती खोल गेलंय त्याचा विचार करते तेव्हा मला फुल्यांच्या घराची आठवण होते. १८६३ साली ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवेनं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं. बाप कोण, पाय कसा घसरला, कुणाच्या घरातली, याची चौकशी नाही. आलेल्या बहुतेक ब्राह्मण विधवा. ज्या समाजानं या दोघांना घराबाहेर काढायला लावलं, शेणगोळे मारले, त्याच समाजाच्या बाया. ‘आधी आपल्या बायका’ म्हणायचा अधिकार कुणाला असेलच तर तो सावित्रीबाईंना होता. त्यांनी काशीबाईचं मूल दत्तक घेतलं, यशवंत.

आता माझ्या आजीचं सांगते. आमचं मूळ गाव जाफराबाद तालुक्यातलं, म्हणजे त्या वेळी निजामाच्या राज्यातलं. तिथून थोडं चालून गेलं की वऱ्हाड, देऊळगाव राजा, म्हणजे हिंदुस्थान. १९४८ मध्ये रझाकारांची धाड येणार अशी आवई उठली, की गावातल्या बायका-पोरं रातोरात सीमेपलीकडे जायची. माझी आजी कडेवर माझ्या चुलत्याला घेऊन तशी दोनदा गेली होती. पलीकडच्या कुणब्यांनी गोठ्यात जागा दिली, भाकरी दिल्या. म्हणजे माझी आजी निर्वासित होती, मैत्रिणींनो, जालना जिल्ह्यातली.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला. आपण तो मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, करायलाच हवा. पण त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यातल्या मुसलमानांचं काय झालं, ते बोलत नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं अहवाल दिला, तो कित्येक वर्षं दडवून ठेवला गेला. सगळ्या संस्थानात मिळून सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते, त्याखालोखालच्या चारांत औरंगाबाद, ज्यात तेव्हा आपलं जालना होतं. बायका पळवल्या, बाटवल्या. आणि त्याच अहवालात असंही आहे, की काही ठिकाणी हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजारच्या मुसलमानांना वाचवलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं, त्यात स्वतःचे जीवही गमावले.

आमच्या घरात धान्याचं बळद होतं, भिंतीतलं. आजीनं त्यात गल्लीतल्या पिंजाऱ्याची सून आणि तिचं तान्हं पोर तीन रात्री ठेवलं होतं. आजोबा चिडले होते. म्हणाले, तिचा दीर रझाकारांत होता, ठाऊक आहे ना? आजीला ठाऊक होतं. म्हातारपणी ती हे सांगायची तेव्हा मी विचारलं, मग तू तिला विचारलंस का काही? तर म्हणाली, ‘काय इचारू? पोर रडायलं होतं, त्याच्या तोंडात साखरेची चिंधी द्यावी का इचारत बसावं?’

मी आजीला देवी करणार नाही. पिंजाऱ्याच्या दिराला ठेव म्हटलं असतं तर तिनं ठेवला नसता, आणि मला ते योग्यच वाटतं. ज्यानं स्वतः हात रंगवले त्याला आश्रय नाही, हे तर त्या आंतरराष्ट्रीय करारातही आहे. पण दिराच्या पापाचा हिशेब भावजयीकडे मागायचा नाही.

तर मग ‘आधी आपल्या बायका’ याचं काय? या म्हणण्याला मी हसण्यावारी नेत नाही. २०१३ च्या उन्हाळ्यात घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला होता, जालन्यात टँकरमागे धावताना बायकांचे हात-पाय मोडले. जिथं आपल्यालाच हंडाभर मिळत नाही तिथं परकीला कुठून द्यायचं, हे विचारणारी बाई दुष्ट नसते. सगळ्यांना घेता येणार नाही, म्हणजे नियम हवाच. माझं म्हणणं एवढंच, की नियम धोक्यावर असावा. जिला परत पाठवलं तर जीव जाईल, ती आधी; मग ती मंठ्याची असो की इच्छामतीच्या कुठल्याही काठाची. जिला आज रात्री दुसरीकडे झोपता येईल, ती नंतर. मग ती माझी मावसबहीण का असेना. यात आपल्याच बाईला कधी थांबावं लागेल. ते मला कबूल आहे. कुणाला नसेल तर तिनं दुपारी उठून भांडावं.

पोटासाठी आलेली आणि जिवासाठी आलेली, यांत फरक करावा लागतो, हेही खरं. आपली ऊसतोडणीची बाई कोल्हापूरला जाते ती राज्यघटनेनं दिलेल्या हक्कानं, तिला आश्रय मागावा लागत नाही, मजुरी आणि मान मागावा लागतो. इथल्या लोखंडाच्या कारखान्यांत बिहारचे मजूर येतात तेही तसेच. पण बाईच्या बाबतीत ही रेघ फार पुसट असते. पोटासाठी निघालेली वाटेत विकली जाते आणि मग जिवासाठी पळते.

सातखीरा आणि बशीरहाट, दोन्ही गावं सांगितली म्हणून आम्ही तिला खोटी ठरवलं. आता वाटतं, दोन्ही खरी असतील. जन्म एका काठावर, विकली गेली ती दुसऱ्या काठावरून. तुम्हाला माहेरचं गाव विचारलं आणि घाबरून सासरचं सांगितलंत, असं कधी झालं नाही का?

आणि केस होईल, ही भीती? परदेशी व्यक्तींबद्दलचा कायदा कडक आहे, २०२५ मध्ये नवा आला तोही कडकच आहे. लपवून ठेवा असं मी सांगत नाही. पण कायद्यात आपल्या बाजूचंही बरंच आहे, ते आम्ही त्या रात्री उघडून पाहिलं नाही. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याचं सहावं कलम सांगतं, की पीडित बाईनं किंवा तिच्या वतीनं संरक्षण अधिकाऱ्यानं, सेवा देणाऱ्या संस्थेनं मागणी केली, तर आश्रयगृहाच्या प्रमुखानं आश्रय द्यायचा आहे. त्या कलमात आधारकार्डाचं नाव नाही. मोफत कायदेशीर मदतीच्या १९८७ च्या कायद्याच्या बाराव्या कलमात बाई आहे आणि माणसांच्या व्यापाराला बळी पडलेली व्यक्तीही आहे. म्हणजे ठाण्यात जायचं असलं तर तिला एकटीला सोपवायचं नाही, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील घेऊन, विकली गेलेली बाई म्हणून तिची नोंद करत जायचं. हा फरक मोठा आहे. एका बाजूला ती आरोपी होते, दुसऱ्या बाजूला फिर्यादी. आणि राज्यघटनेचं एकविसावं कलम, जगण्याचा हक्क, हे फक्त नागरिकांसाठी नाही. १९९६ साली चकमांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे सांगितलं. २००० साली पुन्हा सांगितलं: हावडा स्टेशनच्या रेल्वेच्या यात्री निवासात एका बांगलादेशी बाईवर सामूहिक बलात्कार झाला होता. रेल्वे म्हणाली, ती परदेशी, तिचा काय हक्क? न्यायालयानं दहा लाखांची भरपाई कायम केली. खटला लढवला होता कलकत्त्याच्या एका वकील बाईनं, चंद्रिमा दास यांनी. त्यांची आणि त्या बाईची काही ओळख नव्हती. अर्थात हेच न्यायालय एप्रिल २०२१ मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांना परत पाठवणं थांबवायला तयार झालं नाही. तेव्हा न्यायालयावर भार टाकून आपण मोकळ्या होऊ शकत नाही.

आमच्या केंद्रातल्या नोंदवहीत पहिला रकाना होता नाव, दुसरा गाव, तिसरा जात-धर्म, चौथा कागदपत्रं. ‘काय झालं’ हा रकाना सातवा होता. आता नवी वही केली आहे. पहिला रकाना, ‘आज रात्री परत गेली तर काय होईल?’ दुसरा, ‘तिला काय हवं आहे?’ गाव आणि कागद शेवटच्या पानावर, तेही तिला सांगायचं असेल तर. यावर आमच्याच मंडळात एकमत नाही. परतूरच्या दोघी म्हणतात, गाव न लिहिता उद्या पोलीस आले तर काय दाखवायचं? त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. मी वहीचं एक पान झेरॉक्स करून आणलंय. चहा झाला की गटागटांत बसू, तुम्ही त्यात काय खोडायचं, काय घालायचं ते लिहून द्या.